लहान शहराचा मोठा गुन्हेदर कसा वाचावा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: आम्ही अनेक वर्षे एका महानगरात राहत आहोत. पतींना एका लहान शहरात चांगली नोकरी मिळाली असून त्या शहराची लोकसंख्या साधारण साठ हजार आहे. घरात सोळा वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. सासूबाई दुपारभर एकट्याच असतात. मी त्या शहराचे गुन्ह्यांचे आकडे शोधले, तेव्हा लाख लोकसंख्येमागचा खुनांचा दर आमच्या महानगरापेक्षा जास्त निघाला. एका वर्षात खून दुप्पट झाल्याचेही दिसले. एका यादीत तर ते ‘सर्वांत धोकादायक’ शहरांमध्ये आहे. पती म्हणतात, लहान जागी सगळे एकमेकांना ओळखतात, काळजीचे कारण नाही. दोघांपैकी खरे कोणाचे? मुलीला संध्याकाळी बाहेर जाऊ द्यावे का? घराला कॅमेरे बसवावेत का?

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मिळालेला तक्ता खोटा असेलच असे नाही आणि तुमच्या पतींचे म्हणणेही निराधार नाही. पण ज्या प्रश्नावर तुमचा निर्णय अवलंबून आहे, त्याचे उत्तर सध्या तुम्हा दोघांकडेही नाही. तक्ता साऱ्या शहराबद्दल बोलतो. तुम्हाला मात्र एका घराबद्दल, मुलीच्या एका वाटेबद्दल आणि सासूबाईंच्या एकाकी दुपारबद्दल जाणून घ्यायचे आहे. केवळ या दरामुळे नोकरी नाकारू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगतो, आणि नाकारायचीच झाल्यास कोणत्या कारणाने नाकारावी हेही शेवटी सांगतो.

आधी आकड्यांकडे वळू. गुन्ह्यांचा दर काढताना नोंदलेल्या घटनांना लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणतात. ही पद्धत मोठ्या लोकसंख्येसाठी उत्तम आहे, पण साठ हजारांच्या शहरात एक खून झाला की दर सुमारे १.७ ने चढतो. समजा, अशा शहरात दीर्घकाळाची सरासरी वर्षाला तीन खून, म्हणजे लाखामागे पाच, अशी आहे. परिस्थितीत काडीचाही बदल न होता, निव्वळ योगायोगाने, साधारण वीस वर्षांतून एका वर्षी तिथे एकही खून होणार नाही आणि साधारण बारा वर्षांतून एका वर्षी सहा किंवा अधिक होतील. पहिल्या प्रसंगी ‘खूनमुक्त शहर’ अशी बातमी येईल आणि दुसऱ्या प्रसंगी ‘गुन्हेगारी दुप्पट’ अशी. हाच दर साठ लाखांच्या महानगरात असेल, तर वर्षाला तीनशेच्या आसपास खून होतील आणि ती संख्या योगायोगाने २६५ ते ३३५ या पट्ट्याबाहेर क्वचितच जाईल. म्हणून महानगरात खून दुप्पट झाले, तर काहीतरी निश्चित घडले आहे असे समजावे. लहान शहरात दोनाचे चार झाले, तर तेवढ्यावरून काहीच समजू नये.

अशा वेळी किमान पाच वर्षांच्या घटनांची बेरीज करून सरासरी काढावी, म्हणजे योगायोगाचा गोंधळ निम्म्याहून कमी उरतो. खुनासारख्या विरळ गुन्ह्यापेक्षा घरफोडी, वाहनचोरी आणि मारामारी यांचे आकडे पाहणेही अधिक उपयोगाचे ठरते. ते संख्येने जास्त असल्याने स्थिर असतात, शिवाय तुमच्या वाट्याला येण्याची शक्यताही त्यांचीच अधिक असते. पाच वर्षांत घरफोड्या सातत्याने वाढत असतील, तर ती माहिती त्या दुप्पट झालेल्या खुनांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

‘धोकादायक शहरां’च्या याद्यांबद्दल मला फारसा आदर नाही, हे इथे लपवत नाही. वर सांगितलेल्या गणितामुळेच अशा कोणत्याही यादीच्या दोन्ही टोकांना, सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत असुरक्षित अशा दोन्ही जागी, लहान शहरेच जास्त दिसतात आणि पुढच्या वर्षी त्यांतील बरीच जागा बदलतात. अमेरिकेत पोलिसांकडील गुन्ह्यांची आकडेवारी १९३० पासून गोळा करणारी एफबीआय ही संस्था, आपल्या आकड्यांवरून शहरांची क्रमवारी लावू नये, असा इशारा वर्षानुवर्षे देत आली आहे. लोकसंख्येची घनता, तरुणांचे प्रमाण, येणारी-जाणारी माणसे, आर्थिक परिस्थिती, पोलिसांचे बळ आणि नागरिकांची तक्रार करण्याची सवय हे सारे वेगळे असताना नुसता दर तुलनेला पुरत नाही, हे त्यामागचे कारण. ज्यांचे आकडे आहेत, तेच हा इशारा देतात आणि याद्या करणारे तोच इशारा गाळून बाकीचे घेतात.

दराच्या छेदस्थानी कोण आहे, हेही पाहावे लागते. तिथे रहिवासी मोजले जातात, पण अंशस्थानी त्या हद्दीत घडलेला प्रत्येक गुन्हा असतो, मग तो पाहुण्याच्या बाबतीत घडलेला का असेना. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे लंडनमधील ‘सिटी ऑफ लंडन’ हा छोटा भाग. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे राहणारे लोक सुमारे ८,६०० आहेत, पण कामासाठी येणारे पाच लाखांहून अधिक. तिथल्या चोऱ्यांना रहिवाशांच्या संख्येने भागले, तर निघणारा दर भयंकर दिसतो आणि त्याला काहीही अर्थ नसतो. तुम्ही निवडलेले शहर आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ असेल, तिथे मोठे महाविद्यालय, तीर्थस्थान किंवा पर्यटनस्थळ असेल, किंवा ते महामार्गावरचा थांबा असेल, तर हाच प्रकार सौम्य प्रमाणात तिथेही चाललेला असतो. दिवसा त्या शहरात किती माणसे वावरतात, याचा अंदाज घेतल्याशिवाय दराची तुलना महानगराशी करू नका.

आता आकडा फुगण्याऐवजी आकसण्याची बाजू. पोलिसांच्या नोंदी म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत. ते कळवलेले आणि नोंदवून घेतलेले गुन्हे होत. या दोहोंतील अंतर मोजण्यासाठी काही देशांत थेट घरोघरी विचारणा होते. अमेरिकेत असे सर्वेक्षण १९७३ पासून, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून चालू आहे. अमेरिकेतील अलीकडच्या सर्वेक्षणांत दिसते की हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कमी पोलिसांपर्यंत पोहोचतात आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांचे प्रमाण त्याहूनही कमी असते. नोंदीचे नियमही वेगवेगळे असतात. भारतात गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी सरकारी संस्था एनसीआरबी एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजते. अमेरिकेतील जुन्या पद्धतीतही तसेच होते. स्वीडनमध्ये मात्र एकाच व्यक्तीवर पुन्हा पुन्हा झालेले अत्याचार स्वतंत्रपणे मोजले जातात. तिथे २००५ मध्ये बलात्काराची कायदेशीर व्याख्याही व्यापक करण्यात आली, त्यामुळे त्या देशाचा आकडा इतरांच्या शेजारी ठेवला की वाचणारा हमखास फसतो.

यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो आणि तो तुम्ही लक्षात ठेवावा असे मला वाटते. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद जास्त असलेले शहर हे कमी नोंद असलेल्या शहरापेक्षा महिलांसाठी वाईटच असेल, असे नाही. ठाण्यात गेलेल्या स्त्रीची तक्रार मुकाट्याने लिहून घेतली जात असेल, तर आकडा चढतो. तिला समजावून परत पाठवले जात असेल, तर आकडा छान राहतो. खुनाच्या बाबतीत हे सहसा होत नाही, कारण मृतदेह लपवणे अवघड असते, म्हणूनच देशादेशांच्या तुलनेसाठी खुनाचा आकडा सर्वांत विश्वसनीय मानला जातो. पण हाच आकडा लहान शहरात संख्येने इतका छोटा असतो की तो डळमळत राहतो. विश्वसनीय आकडा अस्थिर आणि स्थिर आकडे अर्धवट, ही लहान शहराची खरी पंचाईत आहे.

मग पाहायचे कुठे? गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात, ही गुन्हेशास्त्रातील सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक गोष्ट आहे. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलिसांना आलेल्या निम्म्या दूरध्वनींचा उगम शहरातील अवघ्या तीन टक्क्यांच्या आसपास पत्त्यांवर होता. पुढे डेव्हिड वाइसबर्ड या गुन्हेशास्त्रज्ञांनी अनेक शहरांतील रस्त्यांचे तुकडे, म्हणजे दोन चौकांमधला एकेक भाग, तपासले. मोठ्या शहरांत निम्मे गुन्हे साधारण चार ते सहा टक्के तुकड्यांवर घडत होते, तर लहान शहरांत दोन ते साडेतीन टक्के तुकड्यांवर. लहान शहरात गुन्हा अधिक एकवटलेला असतो, ही गोष्ट तुमच्यासाठी मोलाची आहे. तुमच्या तक्त्यातील भीतिदायक दराचा मोठा वाटा कदाचित मोजक्या जागांवर जमा झाला असेल: एखादे मद्यालय, बसस्थानकामागची गल्ली, ओसाड पडलेली एखादी इमारत, किंवा दोन टोळ्यांचे जुने वैर असलेली वस्ती. बाकीच्या शहराला त्या दराशी फारसे देणेघेणे नसेल. उलटही खरे आहे. शहराचा दर अगदी कमी असूनही तुम्ही घेतलेले घर नेमके त्या दोन टक्क्यांत निघाले, तर तक्त्याने दिलेला दिलासा कवडीमोल ठरेल. शहर निवडण्यापेक्षा रस्ता निवडण्यावर वेळ खर्च करा, हा माझा मुख्य सल्ला आहे.

तुमच्या पतींच्या युक्तिवादाकडे आता येतो, कारण तो टाकाऊ नाही, फक्त अपुरा आहे. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन राउडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स या संशोधकांनी १९९७ मध्ये शिकागोतील ३४३ वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, ज्यात आठ हजारांहून अधिक रहिवाशांच्या मुलाखती होत्या. शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि वेळ आली तर ते मध्ये पडतील अशी खात्री आहे, अशा वस्त्यांत हिंसाचार कमी आढळला, गरिबी आणि इतर घटक जमेस धरल्यावरही. यात कळीची गोष्ट आहे ती मध्ये पडण्याची तयारी. सगळे सगळ्यांना ओळखतात एवढ्याने ती येत नाही. ओळख दुधारी असते: अनोळखी माणूस गल्लीत घोटाळला तर चार जण विचारतात, हे खरे, पण त्रास देणारा प्रतिष्ठित घरातला असला, तर तेच चार जण दुसरीकडे पाहतात, हेही तितकेच खरे. महानगरात तक्रार करणारी मुलगी गर्दीत विरघळून जाते. लहान शहरात दुसऱ्या दिवशी तिचे नाव सर्वांना माहीत झालेले असते आणि ठाण्यातला हवालदार तिच्या वर्गमित्राचा काका निघू शकतो. म्हणून पतींना हे विचारा: ते लोक ओळखतात हे ठीक, पण गेल्या काही वर्षांत तिथे कोणी कोणासाठी मध्ये पडल्याचे एक तरी उदाहरण त्यांना ठाऊक आहे का?

भीती आणि धोका यांतील फरकाबद्दल थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण तुमच्या पत्रातला प्रत्येक गुन्हेगार अनोळखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या अहवालानुसार, जगात खून झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा खून जोडीदाराने किंवा कुटुंबातील व्यक्तीने केलेला असतो. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १२ टक्के आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांतही बहुतांश वेळा अत्याचार करणारा ओळखीचाच असतो. याचा अर्थ अंधाऱ्या गल्लीची भीती बाळगू नये असा नाही. मात्र शिकवणीचे सर, घरमालकाचा भाचा, रोज सोडायला येणारा वाहनचालक यांच्याकडे ‘ओळखीचे आहेत’ म्हणून डोळेझाक करू नये. आणखी एक गोष्ट तुमच्या तक्त्यात येतच नाही. जगभरात २०२१ मध्ये खुनाचा दर लाखामागे ५.८ होता, तर रस्ते अपघातांत मरण पावणाऱ्यांचा सुमारे १५. तुमची मुलगी तिथे सायकलने ये-जा करणार असेल आणि शहराच्या मधून महामार्ग जात असेल, तर सर्वप्रथम तो महामार्ग ओलांडण्याची जागा जाऊन पाहा.

सासूबाईंबद्दल लिहितो. दुपारी एकट्या असलेल्या वयस्क व्यक्तीला दरोड्यापेक्षा दूरध्वनीवरून आणि दारात येऊन होणाऱ्या फसवणुकीचा धोका अधिक असतो. इंग्लंड आणि वेल्सच्या सर्वेक्षणात फसवणूक हा एकूण गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के हिस्सा व्यापतो. फसवणूक करणारा दुसऱ्या खंडातही बसलेला असू शकतो, तेव्हा या धोक्याच्या बाबतीत शहर बदलल्याने काहीच बदलत नाही. बँकेतून, पोलिसांतून किंवा कुरियर कंपनीतून बोलतो असे सांगणाऱ्या कोणाशीही व्यवहाराचे बोलायचे नाही, दूरध्वनी ठेवून आधी घरच्या माणसाला विचारायचे, आणि घाई करणारा प्रत्येक जण संशयास्पद मानायचा, एवढा नियम त्यांच्याशी बसून ठरवा. हुकूम म्हणून सांगू नका, कारण फसलेली ज्येष्ठ माणसे बहुतेकदा घरच्यांच्या रागावण्याच्या भीतीने गप्प राहतात आणि दुसऱ्यांदा फसतात. नव्या जागी त्यांची ओळख नसणे, हा मात्र खरा प्रश्न आहे. पहिल्याच महिन्यात शेजारच्या दोन घरांशी त्यांचे जाणे-येणे सुरू होईल, असे पाहा.

मुलीच्या संध्याकाळबद्दल तुम्ही विचारले आहे की बाहेर जाऊ द्यावे का. द्यावे. सरसकट बंदीने तिची सुरक्षितता वाढत नाही, तुम्हाला मिळणारी माहिती मात्र कमी होते. कोणी पाठलाग करत असेल, बसमध्ये कोणी त्रास देत असेल, तर ते सांगितल्यावर आपलेच बाहेर जाणे बंद होईल अशी तिची खात्री झाली, की ती सांगायचे थांबते. तिला आधीच शब्द द्या की सांगितल्याची शिक्षा तिला होणार नाही, आणि तो पाळा. त्यानंतर तिच्याबरोबर तिची वाट चाला, एकदा दिवसा आणि एकदा ती प्रत्यक्ष परतेल त्या वेळी. कोणत्या टप्प्यावर दिवे नाहीत, कुठे दुकाने लवकर बंद होतात, अडचण आली तर कोणत्या दारात शिरता येईल, हे तिला स्वतः ठरवू द्या. सोळा वर्षांच्या मुलीला रस्त्याची जाण आई-वडिलांपेक्षा बऱ्याचदा अधिक असते. नजरा तिच्यावर पडतात, तुमच्यावर नाही. कोणी वारंवार त्रास देत असेल, तर तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद ठेवायची आणि संदेश पुसायचे नाहीत, हेही तिला सांगून ठेवा. पुढे तक्रार करायची झाली, तर त्याचाच आधार असतो.

घराच्या बंदोबस्ताबद्दल कॅमेऱ्यांना तुम्ही दिलेले महत्त्व मला जरा जास्त वाटते. सार्वजनिक कॅमेऱ्यांवरील चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहनतळांवर परिणाम सर्वाधिक दिसला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. कॅमेरा बसवायचा तर बसवा, पण आधी दारे आणि खिडक्या पाहा. ब्रिटनमधील अभ्यासांत खिडक्यांना कुलूप, दारांना दुहेरी कुलूप, घरात आपोआप लागणारा-विझणारा दिवा आणि बाहेर हालचाल टिपून लागणारा दिवा यांची एकत्र योजना फार परिणामकारक ठरल्याचे दिसले. चौघांपैकी एकेकट्याचा उपयोग मर्यादित असतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा पुरावाही चांगला आहे: न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहसंकुलांत २०१६ मध्ये झालेल्या नियंत्रित प्रयोगात वाढीव प्रकाशामुळे रात्री बाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. नगर प्रशासनाकडे बंद पडलेल्या दिव्यांची तक्रार करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण नव्या शहरात करण्याजोग्या पहिल्या कामांपैकी ते एक आहे.

घरफोडीबाबत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा बरीच जास्त असते आणि हा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. आसपासच्या काहीशे मीटरमधील घरांनाही त्या काळात धोका वाढतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथील कर्कहोल्ट या वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच निरीक्षणावर उपाय योजले गेले. तिथे घरोघरी नाणी टाकून चालणारी वीज आणि गॅसची मीटर होती, म्हणजे चोराला प्रत्येक घरात रोकड हमखास मिळे. ती मीटर काढण्यात आली, फोडलेल्या घरांची कुलपे सुधारली आणि लगतच्या काही घरांतील लोकांना त्या घरावर लक्ष ठेवण्यास सांगितले. तीन वर्षांत त्या वसाहतीतील घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. साऱ्या वसाहतीचा बंदोबस्त वाढवावा लागला नाही. तेव्हा घर पाहायला जाल, त्या वेळी या घरात किंवा शेजारी अलीकडे चोरी झाली आहे का, हा प्रश्न घरमालकाला विचारा आणि शेजाऱ्यांनाही वेगळा विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर शेजाऱ्यांचे धरा.

निर्णयापूर्वी त्या शहरात प्रत्यक्ष जाऊन राहणे अपरिहार्य आहे, आणि रविवारी दुपारी गाडीतून मारलेली चक्कर त्यासाठी पुरेशी नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री, दोन्ही वेळा पायी फिरा. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांशी बोला: औषधविक्रेते, रिक्षाचालक, रुग्णालयातील परिचारिका. कुठे काय घडते, हे त्यांना तक्त्याहून अचूक ठाऊक असते. ‘शहर सुरक्षित आहे का’ असे विचारलेत, तर अभिमानाने ‘हो’ असे उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘तुमची मुलगी रात्री नऊ वाजता कोणत्या रस्त्याने येत नाही?’ असे विचारा. स्थानिक वृत्तपत्रांचे मागील वर्षा-दोन वर्षांचे अंक चाळून गुन्ह्यांच्या बातम्यांतील जागा नकाशावर टिंबांनी दाखवा; पंधरा-वीस टिंबे झाली की झुबके दिसू लागतात. हे मत बनवताना एवढे भान असू द्या की बातम्यांत हिंसक घटना प्रमाणाबाहेर येतात. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हिंसक गुन्हे निम्म्याच्या आसपास घटले, तरीही त्या काळातील बहुतेक वर्षी गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत बहुसंख्य लोकांनी देशात गुन्हे वाढल्याचेच सांगितले. बातमीत मोठ्या दिसणाऱ्या घटनेपेक्षा पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठिकाणाकडे लक्ष द्या.

पोलिस ठाण्यातही एकदा जाऊन या. नव्याने राहायला येत आहोत, भाडेकरूच्या नोंदणीचे काय करावे लागते, एवढा साधा प्रश्न घेऊन जा. तुम्हाला बसायला सांगितले जाते की ताटकळत ठेवले जाते, महिला कर्मचारी असते का, रात्रीच्या गस्तीबद्दल विचारल्यावर सरळ उत्तर मिळते का, हे सारे पंधरा मिनिटांत कळते. हे ठाणे आपली तक्रार लिहून घेईल की नाही, याचा याहून चांगला अंदाज कोणत्याही आकडेवारीत नाही. तुमच्या पतींनी एकट्याने जाऊ नये. तुम्ही जा, शक्य झाले तर मुलीला घेऊन, कारण उद्या गरज पडली तर त्या मेजासमोर कदाचित ती उभी असेल. शहरात रात्री चालू राहणारे अपघात विभागाचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हेही त्याच फेरीत पाहून घ्या. हल्ला असो वा अपघात, जखमी माणूस वाचेल की नाही हे बऱ्याचदा त्या अंतरावर ठरते आणि लहान शहरांची खरी उणीव अनेकदा तिथेच असते.

नकार कधी द्यावा? पाच वर्षांच्या बेरजेतही घरफोड्या आणि मारामाऱ्या सतत चढत्या दिसल्या आणि त्या झुबक्यांपासून दूर असे तुमच्या ऐपतीतील घरच मिळाले नाही, तर. मुलीच्या महाविद्यालयाची एकमेव वाट अशा जागेतून जात असेल आणि दुसरे वाहन नसेल, तर. किंवा त्या ठाण्यात तुम्हाला जे ऐकावे लागले, त्यावरून मुलीची तक्रार तिथे दाबली जाईल असे तुमच्या मनाने घेतले, तर. शेवटच्या कारणाला आकड्याचा आधार नसला, तरी ते मी सर्वांत गंभीर मानतो. यांपैकी काही नसेल, तर जा. मात्र तिथे लगेच घर विकत घेऊ नका. पहिले वर्ष भाड्याने राहा, कराराची मुदत शक्य तितकी लवचीक ठेवा आणि महानगरातले घर तुमचे असेल, तर तेवढ्या काळात ते हातचे जाऊ देऊ नका. सहा महिन्यांनी मुलगी आणि सासूबाई या दोघींना स्वतंत्रपणे विचारा आणि त्यानंतरच पुढील करारावर सही करा.